आपटलं आधी, वाजलं नंतर

कार्तिकातली सकाळ होती. काकडा आटोपून आम्ही दोघं गोदाघाटावर आलो होतो. गारठा इतका की पायऱ्यांचा दगड चपलेतून तळव्यांना लागत होता. पाण्यावर पातळ धुकं होतं, आणि गाडगे महाराज पुलाच्या दिशेला, आमच्यापासून शंभरेक मीटरवर, एक बाई धुणं धूत होती. तिने लुगड्याचा पिळा केला, दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि दगडावर आपटला. पाणी उडालं. आवाज नाही. तिचे हात पुन्हा वर निघाले आणि मग, कुणीतरी विसरलेलं आठवून म्हणावं तसा, "थप्प" आला. पुन्हा पिळा वर, पुन्हा खाली, पाणी चहूकडे, क्षणभर काहीच नाही, आणि थप्प. मी पायरीवर बसले. छातीत धडधडायला लागलं.

"अहो, आवाज मागून येतोय," मी म्हणाले.

"येणारच ना. लांब आहे ती," हे म्हणाले. अगदी शांतपणे, माझ्या खांद्यावरची शाल नीट करत.

मला ते खोटं बोलतायत असं वाटलं.

तेहतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझी समजूत काढायला खोटं सांगितल्याचं एक उदाहरण मला देता यायचं नाही. तरीही वाटलं. कारण त्याआधीचे तीन महिने घरातले सगळे माझ्याशी त्याच मऊ आवाजात बोलत होते, आणि मी जे जे सांगत होते त्याला मान हलवत होते. मान हलवणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा हे मला कळेनासं झालं होतं. ती सकाळ मग मनात रुतून बसली. आपटणारे हात दिसायचे, आवाज यायचा राहायचा. उशीर नदीवर होता की माझ्या डोक्यात?

श्रावणात मी स्कूटरवरून पडले. आडगाव नाक्याच्या पुढे, भुरभुर पाऊस, कुत्रं आडवं आलं. वेग फार नव्हता. हेल्मेट होतं, ते दुभाजकावर आपटलं आणि त्याला बोटभर चीर गेली. मी बेशुद्ध पडले नाही. उठले, पदराला लागलेला चिखल झटकला, गाडी उचलायला मदत केलेल्या दोन मुलांचे आभार मानले, घरी आले, चहा टाकला. बेशुद्ध झालं नाही म्हणजे डोक्याला काही झालं नाही, असं माझंही मत होतं. संध्याकाळी स्वयंपाकघरातला ट्यूबलाइट डोळ्यांत टोचायला लागला आणि उलटी झाली. रात्री सीटी स्कॅन. रिपोर्टवर शब्द होता, नॉर्मल. त्या शब्दाचा मला पुढे किती राग आला हे सांगता येणार नाही. कवटी फुटली नव्हती, रक्तस्राव नव्हता, आणि त्यात हेल्मेटचं ऋण आहे हे मी मानते. ते नसतं तर हा लेख लिहायला मी नसते. पण हेल्मेट हाड वाचवतं. आतला मेंदू हाडाच्या आत, पाण्यात ठेवलेला असतो, आणि एकदम थांबलेल्या डोक्यात तो पुढे जातो, वळतो, ताणला जातो. डॉक्टर समजावत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर खरवस आला. ताटात गार झालेला खरवस. ताट कुणी हिसडा देऊन फिरवलं तर तो फुटत नाही, पण आतून थरथरतो. सव्वा-दीड किलोचा तसा एक गोळा, आणि त्यात इकडून तिकडे निरोप नेणारे कोट्यवधी बारीक तंतू. ते ताणले जातात. पेशींच्या आतले क्षार बाहेर, बाहेरचे आत होतात, आणि ते पुन्हा जागच्या जागी नेण्यासाठी पेशींना खूप साखर लागते, नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा उणा पडतो. हे काहीच स्कॅनमध्ये दिसत नाही. फोटोत घर शाबूत दिसतं, आत सगळी आवराआवर चाललेली असते.

पहिली खूण फोडणीने दिली. तेल तापलं होतं, मी मोहरी टाकली. मोहरी उडताना दिसत होती, तडतडही ऐकू येत होती, पण हे दोन्ही एकाच कढईतलं आहे असं वाटेना. उशीर म्हणावा तर उशीर नव्हे. शिवण उसवलेल्या कापडाचे दोन भाग एकमेकांवर नुसते ठेवावेत, तसं. मी झाकण ठेवलं, गॅस बंद केला आणि हळद हातात घेऊन उभी राहिले. मग टीव्ही. बातम्या देणाऱ्या मुलीचे ओठ आणि शब्द वेगवेगळे चाललेले. सेट टॉप बॉक्सचा दोष असणार म्हणून मी केबलवाल्या मुलाला बोलावलं. त्याने बिचाऱ्याने सगळ्या वायरी काढून परत लावल्या, दहा मिनिटं टीव्हीसमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मावशी, बरोबर तर चाललंय." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी त्याला पैसे दिले आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

माझी भाची मुंबईत ऑडिओलॉजी, म्हणजे कानांचं आणि ऐकण्याचं शास्त्र, शिकते. ह्या प्रकाराला धरून कुणीतरी माझ्याशी सरळ, कीव न करता बोललं असेल तर ती. ती फोनवर म्हणाली, "मावशी, तुला वाटतं ते सगळ्यांचं सदैव जुळलेलं असतं? जुळलेलं कधीच नसतं. जुळवलेलं असतं."

मग तिने जे सांगितलं ते मी पडल्या पडल्या, पडदे ओढून, दिवसचे दिवस मनात घोळवलं. उजेड सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, आवाज साधारण ३४० मीटर. म्हणजे बाहेरून यायला आवाजाला उशीर. पण शरीराच्या आत उलटं. कानाला आवाजाचा मज्जासंदेश करायला फार वेळ लागत नाही, डोळ्याच्या पडद्यावर मात्र रासायनिक खटाटोप असतो, त्यात सेकंदाचे काही शतांश जातात. म्हणजे आत आल्यावर दृश्य मागे पडतं. माणूस आपल्यापासून दहा-पंधरा मीटरवर असेल तर ही दोन्ही नुकसानं एकमेकांना फेडतात आणि दोन्ही निरोप मेंदूत जवळजवळ बरोबर पोचतात. त्याहून जवळ, त्याहून लांब, कायम थोडं मागेपुढे. मेंदू ते मनावर घेत नाही. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त, इतकी फट तो खुशाल माफ करतो आणि दोन्ही एकाच घटनेच्या नावावर मांडतो. आणि ही माफीही एकतर्फी. आवाज मागे राहिला तर तो बराच वेळ थांबतो, आवाज पुढे आला तर लगेच खटकतं. टीव्हीच्या तांत्रिक मानकांत तर आकडेच आहेत, आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला कळू लागतं, मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. हे मला फार पटलं. जगात आधी ढग गडगडून मग वीज कधी चमकली आहे का? जन्मापासून मेंदूने ज्या बाजूचा उशीर पाहिला, त्याच बाजूला त्याने दार थोडं किलकिलं ठेवलं.

ते दार माझ्यात बिघडलं होतं. डोक्याला मार बसून गेलेल्या माणसांना दिवा आधी लागला की टिक आधी झालं, हे विचारून पाहण्याच्या चाचण्या झाल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींना हे आधी-नंतर ओळखणं इतरांपेक्षा जड जातं असं दिसलं आहे. भाचीने लॅपटॉपवर तसंच काहीसं माझ्याकडून करून घेतलं. पांढरा ठिपका आणि टिक. आधी काय? मी पंचवीसेक वेळा उत्तर दिलं आणि घामाघूम झाले. एकदा तर ठिपका एकदाच चमकला आणि टिक दोनदा झालं, मी खात्रीने म्हणाले, ठिपका दोनदा चमकला. ती हसली. म्हणाली, हे तुझं आजारपण नाही, हे बहुतेकांना दिसतं, २००० साली हा प्रयोग छापून आला तेव्हा लोक चकित झाले होते. कान डोळ्याला पटवतो. मला त्या दिवशी रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. माझ्यातलं काहीतरी इतरांसारखंच चुकत होतं.

पण घराबाहेर हे कुणाला सांगायचं? भाद्रपद आला. संध्याकाळी पलीकडच्या मैदानात ढोलपथकाचा सराव सुरू झाला. नाशिकच्या माणसाला ढोलाचं वेगळं काय सांगायचं, तो आमच्या कानांतच नाही, बरगड्यांत वाजतो. मुलगी शाळेत असताना त्याच मैदानाच्या कठड्यावर तिला बसवून मी तास तास ऐकलं आहे. यंदा मी मोरीत बसले. मोरीला खिडकी लहान, म्हणून. कानात कापूस, डोक्यावर ओला पंचा. गॅलरीतून एकदा पाहिलं तर चाळीस हातांतली टिपरं खाली येत होती आणि ठोका भलत्याच ठिकाणी पडत होता, पोटात ढवळून आलं. त्या पोरांचा ताल पक्का होता हे मला माहीत होतं. आपण ज्याच्यावर प्रेम केलं तेच सोसेनासं व्हावं, ह्याचं दुःख डोकेदुखीपेक्षा मोठं असतं. विसर्जनाच्या दिवशी हे मला घेऊन नांदूरजवळच्या दिरांच्या घरी गेले. तिथे रात्री फक्त रातकिडे होते.

भजनी मंडळातल्या एकीने, प्रेमानेच, दुसरीला विचारलं होतं, "डोक्यावर परिणाम झालाय का गं तिच्या?" ते माझ्यापर्यंत आलं. मी देवळाली कॅम्पातली. आमच्या गावाने इंग्रजीला वेड्यासाठी एक शब्द दिला आहे, डुलाली. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सोजीर देवळालीच्या छावणीत पडून राहायचे आणि त्या वाट पाहण्यात, उन्हात, तापात त्यांची डोकी फिरायची, त्यावरून. शाळेत बाईंनी हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या खूप हसलो होतो. आता अंधाऱ्या खोलीत पडून मला ते सोजीर आठवत. कुणाला काय झालं होतं, कुणाच्या कानाजवळ तोफ उडाली होती, कोण घोड्यावरून पडला होता, कोण जाणे. सगळ्यांना मिळून एक शब्द.

देवळालीचीच दुसरी आठवण चांगली आहे. तिथे तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि सरावाच्या दिवशी घरातल्या फडताळातल्या काचेच्या बरण्या किणकिणत. वडील मला टेकाडावर नेत. लांबच्या डोंगरावर पांढऱ्या धुराचं बोंड उमले. "मोज," वडील म्हणत. एक, दोन, तीन, चार... बाराला, पंधराला कधी, जमिनीतून आल्यासारखा धुम्म. "तीनला एक किलोमीटर. आता भाग दे." मी भाग देई. "उजेड गाडीने येतो, आवाज पायी येतो," असं ते म्हणत. त्या वयात मला वाटे की तो आवाज खरंच पायवाटेने, बाभळी चुकवत, धापा टाकत येतोय, आणि आपण त्याच्यासाठी थांबलं पाहिजे. टेकाडावरच्या त्या थांबण्यात भीती नव्हती. उशीर किती, कशामुळे, सगळं माहीत होतं. वडिलांचा हात खांद्यावर होता.

भाचीने एक गोष्ट मेलवर पाठवली होती, ती ह्यांनी मला वाचून दाखवली, कारण पडदा मला दहा मिनिटांवर बघवत नव्हता. इंग्लंडात ग्रीनिचच्या वेधशाळेत मॅस्केलिन नावाचे राजाचे खगोलज्ञ होते. तारा दुर्बिणीतल्या तारेवरून नेमका कधी सरकला हे टिपायचं काम. पद्धत अशी, की डोळा ताऱ्यावर आणि कान घड्याळाच्या ठोक्यावर ठेवायचा, आणि दोन ठोक्यांमधल्या नेमक्या दशांशावर तारा तार ओलांडतो ते अंदाजाने लिहायचं. पद्धतीचं नावच डोळा आणि कान. त्यांचा मदतनीस किनब्रूक १७९५च्या ऑगस्टपासून त्यांच्यापेक्षा अर्धा सेकंद उशिरा नोंदवायला लागला. त्याला चूक दाखवली. पुढच्या जानेवारीपर्यंत फरक ०.८ सेकंदांवर गेला. १७९६ साली त्याला कामावरून काढून टाकलं. वीस-पंचवीस वर्षांनी बेसेल नावाच्या जर्मन खगोलज्ञाने त्या नोंदी वाचल्या आणि स्वतःची इतरांशी तुलना करून पाहिली, तेव्हा कळलं की कुठल्याच दोन माणसांचं डोळा-कानाचं गणित सारखं नसतं. चांगल्या, काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसांतही फरक पडतो आणि तो टिकून राहतो. किनब्रूकला हे कुणी सांगायला गेलं नाही, तोवर तो वारला होता. ह्यांनी वाचणं थांबवलं, पाणी आणून दिलं. मला त्या पोराचा चेहरा दिसत होता. रोज रात्री थंडीत दुर्बिणीला डोळा लावून, जीव ओतून ऐकणारा, आणि तरी चुकणारा. त्याने किती वेळा स्वतःला सांगितलं असेल, उद्या नीट करीन.

काकड्याला मी हट्टाने गेले होते. कोजागरीनंतर पहाटेचा काकडा, टाळ माझ्या हातात तीस वर्षं. डॉक्टरांनी हळूहळू एकेक गोष्ट सुरू करा म्हटलं होतं, पहिले दोन दिवस सोडले तर नुसतं पडून राहणं बरं नाही असंही सांगितलं होतं. मी डोळे उघडे ठेवून वाजवलं तर समोरच्या बायकांचे हात मला चुकवत होते. दुसऱ्या अभंगाला मी टाळ मांडीवर ठेवला. शेजारच्या ताईंनी काही न विचारता माझ्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. मी डोळे मिटले. बोटं आणि मृदंग एकत्र आले. त्वचेवरून आलेलं आणि कानावरून आलेलं जुळत होतं. आरती होईपर्यंत मी डोळे उघडले नाहीत. आणि तिथून निघून, बरं वाटत असताना, घाटावर गेलो, तर ती बाई.

नंतर हळूहळू सुधारलं. तारीख सांगता येणार नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत निभावतं, माझं सहा महिने चाललं. मानेचे, डोळ्यांचे व्यायाम, रोजचं चालणं, वेळेवर झोप. एक दिवस पोह्यांची फोडणी टाकली आणि मोहरी मोहरीसारखी तडतडली. त्यावर माझं लक्षच गेलं नाही, दुपारी भांडी घासताना आठवलं. टीव्हीवरच्या मुलीचे ओठ तिच्या शब्दांत परत गेले. सीताफळं संपून बोरं आली. टाळ पुन्हा हातात आला, आता एखादा अभंग डोळे उघडे ठेवून.

माघात मी एकटीच घाटावर गेले. हे येतो म्हणत होते, मी नको म्हटलं. नारोशंकराच्या देवळापाशी थोडी थांबले. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली त्यानंतर आलेली ती पोर्तुगीज घंटा वर टांगलेली आहे, मी गेले तेव्हा गप्प होती. ऊन कोवळं होतं, भाविकांची गर्दी रामकुंडाकडे होती. खाली पाण्याशी धुणं चाललेलं. तीच बाई होती का ते सांगता येत नाही, मी तिचा चेहरा तेव्हा पाहिलाच नव्हता. पण अंतर तितकंच. पिळा वर गेला, खाली आला. आणि हात परत वर निघाले तेव्हा थप्प.

पोटात पुन्हा तोच गोळा आला. मग वडिलांची आठवण झाली. मोज. मी चालायला लागले. दोष माझ्या डोक्यातला असेल तर तो माझ्याबरोबर चालत येईल. नदीचा असेल तर मागे राहील. वीस पावलं गेले, थांबले, पाहिलं. आवाज यायच्या वेळी पिळा अजून दगडावरून सुटत होता. आणखी वीस. आता हात उठायच्या आतच. फट आहे, पण अरुंद. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, मी कठड्याला धरून, एका हातात साडीच्या निऱ्या सावरत, नजर तिच्यावरून न काढता जात होते. लोक बघत असतील तर बघोत. आणखी वीस. आता मला फट दिसत नव्हती, पण मला खात्री नव्हती, म्हणून पुढे गेले. दहा-बारा मीटर राहिले असतील. पिळा आपटला आणि थप्प झालं. पाणी उडालं त्यातच तो आवाज होता. पुन्हा. पुन्हा. मी पुन्हा बरीच मागे गेले, आवाज मागे सरकला. पुढे आले, परत आत येऊन बसला. मला हसायलाही येत होतं आणि नाकही गळत होतं. कार्तिकात हे खरं बोलले होते, लांब होती ती.

बाईने हात थांबवले. पिळा तसाच खांद्यावर टाकून माझ्याकडे पाहिलं.

"काय हरवलंय का ओ ताई? मगापासून पुढं-मागं करताय."

"नाही," मी म्हणाले. "तुमच्या धुण्याचा आवाज ऐकत होते."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग शेजारच्या कोरड्या पायरीवरची बादली बाजूला सरकवली.

"बसा मंग. अजून दोन चादरी हायेत."